दशहरीच्या सावलीतला मोबाइल

लखनौ म्हणजे नवाब, चिकनकारी आणि 'पहले आप' ही ओळख सर्वांना ठाऊक आहे. पण शहराची वेस ओलांडली की आंब्याच्या आणि उसाच्या मुलखात शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल एक वेगळीच गोष्ट सांगू लागतो.

मुंबईहून निघालेली पुष्पक एक्स्प्रेस चारबाग स्थानकात शिरते तेव्हा प्रवासी आधी वर पाहतो. लाल-पांढऱ्या घुमटांची ही इमारत उंचावरून पाहिली तर मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते, असे लखनौकर अभिमानाने सांगतात. मराठी माणसाला या शहराशी जोडणारा एक धागाही आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये इथेच संगीत महाविद्यालय सुरू केले आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

पर्यटक पहिल्या दिवशी हमखास बडा इमामबाडा पाहतो. सुमारे पन्नास मीटर लांबीचे, मध्ये एकही खांब वा तुळई नसलेले दालन पाहून तो थक्क होतो, भुलभुलैयात वाट चुकतो आणि हसत बाहेर येतो. या इमारतीच्या जन्माशी शेतीचा संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. १७८४ मध्ये अवधात भीषण दुष्काळ पडला होता. लोकांना फुकट अन्न देण्याऐवजी काम द्यावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने हे बांधकाम काढले. अब्रूदार घरांतली माणसेही उपाशी होती. त्यांना कोणी ओळखू नये म्हणून ती रात्रीच्या अंधारात कामावर येत, अशी आख्यायिका आहे.

मदत द्यायची तर ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे आणि घेणाऱ्याला ती घेता आली पाहिजे. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रश्न लखनौच्या आसपासच्या गावांत आजही शिल्लक आहे. फरक इतकाच, की आता मदत मोबाइलच्या पडद्यावरून येते.

हरदोई रस्त्याने

शहरातून हरदोईच्या दिशेने निघाले की दुबग्गाची मंडी लागते. जूनमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते. आंब्याच्या पेट्या, हातगाड्या, ट्रक, अडत्यांच्या आरोळ्या आणि पिकल्या फळाचा गोड दरवळ यांनी सकाळ भरून गेलेली असते. पुढे काकोरी येते. ९ ऑगस्ट १९२५ रोजी याच गावाजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना नेणारी गाडी अडवली होती. तोंडात विरघळणाऱ्या कबाबांसाठीही काकोरीचे नाव घेतले जाते.

काकोरीच्याच परिसरात दशहरी नावाचे छोटे गाव आहे. उत्तर भारतात घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या दशहरी आंब्याचे मूळ झाड याच गावात आहे, असे मानले जाते. शतके पाहिलेला हा वृक्ष आजही उभा आहे. आपल्याकडे देवगड-रत्नागिरीला हापूसचा जो मान, तोच इथे मलिहाबादला दशहरीचा. मलिहाबादच्या दशहरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

काकोरी, मलिहाबाद आणि माल या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमराया सुरू होतात त्या संपतच नाहीत. उंच, जुनी, एकमेकांत फांद्या गुंतलेली झाडे. भर दुपारीही खाली अंधार आणि गारवा. मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खाँ यांनी एकाच झाडावर कलमे बांधून तीनशेहून अधिक जातींचे आंबे घेतले, त्यासाठी २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'सचिन तेंडुलकर' नावाचा आंबाही त्यांच्या बागेत आहे. ही विद्या ते कोणत्या पुस्तकातून शिकले नाहीत. हात, डोळे आणि झाडाशी जन्मभराची सोबत हीच त्यांची शाळा.

ज्ञान जवळ, पण किती दूर

या आमरायांच्या मधोमध रहमानखेडा इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था बनली. 'अंबिका' आणि 'अरुणिका' हे देखणे, रंगीत आंबे तसेच महाराष्ट्रातील बागायतदारांनाही परिचित असलेला 'ललित' पेरू इथलेच. म्हाताऱ्या झाडांची छाटणी करून त्यांना पुन्हा फळते करण्याचे तंत्रही या संस्थेने गावोगाव दाखवले.

म्हणजे ज्ञान बागेच्या कुंपणापलीकडेच आहे. पूर्वी ते आणायला सायकलवरून जावे लागे, आता ते खिशात आले आहे. २००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झाले. २०१३ मध्ये एसएमएसने सल्ला पाठवणारे एमकिसान आले, २०१६ मध्ये 'किसान सुविधा' हे ॲप आले. हवामानाचा अंदाज आणि त्यानुसार पिकाचा सल्ला देणारे 'मेघदूत' २०१९ मध्ये आले. त्याच्या मागे हवामान खाते आणि कृषी संशोधन परिषद यांच्याबरोबर पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्थाही आहे. किडीचा फोटो काढून पाठवला तर ती ओळखून उपाय सांगणारी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली २०२४ मध्ये आली.

आंब्याच्या बागेला या साऱ्याचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहर फुललेला असतो. आभाळ भरून आले, हवेत दमटपणा वाढला की मोहरावर भुरी येते आणि तुडतुडे रस शोषू लागतात. फवारणी दोन दिवस आधी केली तर मोहर वाचतो, दोन दिवस उशीर झाला तर वर्ष जाते. पाऊस येणार असताना फवारले तर औषध आणि मजुरी दोन्ही मातीत जातात. इतक्या नाजूक वेळी अचूक अंदाज हाती असणे म्हणजे अर्धे पीक हाती असणे.

तरीही सल्ल्याची ॲप बहुधा न उघडलेलीच राहतात. मुलाने कधीतरी उतरवून दिलेले, मग फोनची जागा भरली म्हणून काढून टाकलेले. असे का व्हावे?

पहिले कारण भाषेचे आहे. सल्ला हिंदीतच येतो, पण कोणत्या हिंदीत? भुरी रोगाला पुस्तकी हिंदीत 'चूर्णिल आसिता' म्हणतात आणि मलिहाबादचा बागवान म्हणतो 'खर्रा'. तुडतुड्याला तो 'भुनगा' म्हणतो. पडद्यावरचा 'चूर्णिल आसिता' म्हणजे आपल्याच बागेतला खर्रा, हे त्याला कोणी सांगायचे? महाराष्ट्रातही कृषी खात्याच्या पत्रकातील मराठी आणि बांधावरची मराठी यांच्यात असेच अंतर असते.

दुसरे कारण नेमकेपणाचे. 'जिल्ह्यात हलक्या पावसाची शक्यता' या वाक्याने बागवानाचे काम भागत नाही. त्याच्या गावावर पाऊस पडणार की नाही, हे त्याला हवे असते. दोनदा अंदाज चुकला की तिसऱ्यांदा तो ॲप उघडत नाही. सॉफ्टवेअरला माफी नसते. शेजाऱ्याचा सल्ला चुकला तर निदान त्याच्याशी भांडता तरी येते.

तिसरे कारण सर्वांत मोठे आणि ते पैशांचे आहे. औषध विकणारा दुकानदार नुसता सल्ला देत नाही, उधारही देतो. पीक विकल्यावर पैसे चुकते करायचे. ॲप म्हणते फवारणीची गरज नाही, दुकानदार म्हणतो दोन औषधे मिसळून मारा. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याचा शब्द मोडणे कठीण असते. जास्तीची फवारणी होते ती अशीच. खर्च वाढतो, किडीचे शत्रू असलेले मित्रकीटक मरतात आणि पुढच्या वर्षी कीड अधिक जोमाने येते.

हे केवळ लखनौचे चित्र नाही. २००३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने देशभरातील शेतकरी कुटुंबांना विचारले होते, की शेतीची आधुनिक माहिती तुम्ही कोणाकडून घेता? शंभरातल्या साठ कुटुंबांनी कोणत्याही स्रोताचा उपयोग केलेला नव्हता. ज्यांनी केला त्यांत पहिला क्रमांक गावातल्या प्रगतिशील शेतकऱ्याचा होता, सुमारे १७ टक्के. त्यापाठोपाठ बी-बियाणे-खतांचा दुकानदार आणि रेडिओ, प्रत्येकी सुमारे १३ टक्के. सरकारी कृषी सहायक सहा टक्क्यांच्या आतच. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. पण शेतकरी आधी माणूस पाहतो, मग माहिती, हे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

पर्ची आली का?

मग शेतकरी सॉफ्टवेअर वापरतच नाही का? हे समजून घ्यायचे तर आमराया सोडून उसाकडे वळावे लागते. लखनौच्या रायबरेली रस्त्यावर १९५२ पासून भारतीय ऊस संशोधन संस्था आहे. राज्याच्या ऊस आयुक्तांचा कारभारही याच शहरातून चालतो. सीतापूर, लखीमपूर खीरीच्या बाजूला गेले की दोन्हीकडे उसाचे फड दिसू लागतात. इथल्या चहाच्या टपरीवर थंडीच्या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो, "पर्ची आई?"

ही पर्ची म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून द्यावे लागेल. आपल्याकडे कारखान्याची तोडणी टोळी फडात येते. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडतो आणि ट्रॉलीत किंवा बैलगाडीत भरून काट्यावर नेतो. कोणी कोणत्या दिवशी किती ऊस आणायचा हे पर्चीवर लिहिलेले असते. पर्चीशिवाय ऊस तोडून ठेवला तर तो वाळतो, वजन घटते. पर्ची उशिरा आली तर शेत मोकळे होत नाही आणि गव्हाची पेरणी लांबते. घराचे वर्षभराचे गणित त्या एका चिठ्ठीवर अवलंबून असते.

कागदी पर्चीच्या काळात तिचा बाजार भरत असे. ती भलत्याच्या हाती जाई, विकली जाई. ज्याच्या नावावर ऊस कमी त्याच्याकडे पर्च्या जास्त, अशी तक्रार जुनीच होती. मग शेताचे सर्वेक्षण, प्रत्येकाचा कोटा, पर्चीचे वेळापत्रक, वजन आणि पैसे ही सारी नोंद संगणकावर आली. २०१९ मध्ये 'ई-गन्ना' हे ॲप आले आणि २०२० च्या हंगामापासून पर्ची मोबाइलवर एसएमएसने येऊ लागली.

लिहिता-वाचता न येणारा शेतकरीही हे सॉफ्टवेअर वापरायला शिकला. स्वतः नाही जमले तर नातवाकडून, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून, नाहीतर गावच्या सेवा केंद्रात दहा-वीस रुपये मोजून. आपल्या नावावर किती क्षेत्र चढले, शेजाऱ्याची पर्ची आपल्या आधी का निघाली, काट्यावर वजन किती नोंदले, हे तो डोळ्यात तेल घालून पाहतो. चूक दिसली तर समितीच्या कार्यालयात जाऊन भांडतो. मोबाइलवरचा आकडा दाखवून भांडणे आणि नुसत्या तोंडी भांडणे यांत मोठा फरक असतो.

इथेही अडचणी आल्याच. फोनचा इनबॉक्स भरलेला असेल किंवा फोन बंद असेल तर पर्चीचा संदेश पोहोचत नाही. म्हणून इनबॉक्स रिकामा ठेवा, फोन चार्ज करून ठेवा, असे आवाहन ऊस खात्याला शेतकऱ्यांना करावे लागले. जाहिरातीच्या संदेशांनी भरलेल्या एका स्वस्त फोनमुळे ट्रॉलीभर ऊस फडात वाळू शकतो, हे शहरातल्या कार्यालयात बसून सुचणारे नव्हते.

वारणेने शिकवलेला धडा

मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणानगरच्या सहकारी परिवारात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडायची, शेतकऱ्याला गावातच पीक सल्ला, बाजारभाव, सरकारी योजनांची माहिती द्यायची, असे स्वप्न होते. त्या काळी ही देशभर गाजलेली गोष्ट होती.

पुढे काय झाले? संगणक वापरले गेले, पण मुख्यतः उसाच्या कामासाठी. नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल, वजन आणि बिल. पीक सल्ल्याचे पान फारसे उघडले गेले नाही. शेतकरी स्वतः संगणकाला हात लावत नसे, तिथे बसलेल्या ऑपरेटरला विचारी. २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, तेव्हा तीच कामे कमी खर्चात झाली.

म्हणजे वारणेकाठी जे घडले तेच पुढे अवधात घडले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याची चिठ्ठी, वजन आणि पैसा आहे ते तो शिकतो. जे नुसता उपदेश करते ते तो बाजूला ठेवतो. यात त्याचे अडाणीपण नाही, त्याचा हिशेब आहे. शेतकरी तंत्रज्ञानाला घाबरतो असे म्हणणाऱ्यांनी 'पीएम किसान'चा हप्ता जमा झाला का हे पाहण्यासाठी सेवा केंद्रापुढे लागणारी रांग एकदा पाहावी.

फोन कोणाचा, शेत कोणाचे?

पण या हिशेबात एक मोठे छिद्र आहे. सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही, त्याला खाते दिसते. उत्तर प्रदेशात खतौनीवर आणि महाराष्ट्रात सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तोच शेतकरी.

मलिहाबादच्या बागेचाच विचार करा. बाग एकाच्या मालकीची, मोहर आल्यावर फळ विकत घेणारा व्यापारी दुसरा, आणि हंगामभर झोपडी टाकून राखण करणारे कुटुंब तिसरे. गारपीट झाली तर नुकसान व्यापाऱ्याचे आणि राखणदाराच्या मजुरीचे, मदत मात्र मालकाच्या खात्यावर. उसाच्या आणि भाताच्या शेतात बटईदार असतो. त्याचा करार बहुधा तोंडी असतो, कागदावर तो कुठेच नसतो. पिकाला पाणी कधी हवे हे त्याला ठाऊक, पण सल्ल्याचा संदेश जातो तो लखनौत किंवा दिल्लीत नोकरी करणाऱ्या मालकाच्या फोनवर.

बाईचे तर विचारूच नका. खुरपणी, लावणी, फळांची निवड, पेट्या भरणे ही कामे तिची. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र देशातील शेतखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांच्या नावावर होती. फोनचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो सकाळी घरधन्याच्या खिशातून बाहेर पडतो आणि रात्री परत येतो. मग शेतात कीड पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईने फोटो काढायचा कशाने?

आता हे छिद्र बुजवायची वेळ आली आहे, कारण सरकारचे पाऊल पुढे पडले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. उत्तर प्रदेशात गावोगाव शिबिरे भरवून 'फार्मर रजिस्ट्री' तयार होऊ लागली. महाराष्ट्रात २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. जमिनीची नोंद आणि आधार जोडून हा क्रमांक मिळतो. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याची सोय झाली, हे चांगलेच आहे. पण ज्याचे फक्त हात शेतात आहेत तो पूर्वी चुकून वगळला जाई, तो आता पद्धतशीरपणे वगळला जाण्याचा धोका आहे. चुकलेली यादी तलाठी किंवा लेखपाल माणुसकीने दुरुस्त करू शकतो. संगणकाच्या यादीत नसलेल्याने कोणाकडे जावे?

मध्ये एक माणूस हवा

उपाय फार अवघड नाही. सल्ला कामी येतो तिथे बहुतेक वेळा यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये एखादा माणूस उभा असतो. कृषी विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ बागेत येऊन 'चूर्णिल आसिता' म्हणजे हाच खर्रा, असे बोट ठेवून दाखवतो. बचत गटातली एखादी शिकलेली सून हवामानाचा अंदाज सगळ्याजणींना वाचून दाखवते. किसान कॉल सेंटरचा क्रमांक फिरवला तर निदान आपल्या भाषेत बोलणारा कोणी पलीकडे असतो आणि त्यासाठी स्मार्टफोनही लागत नाही.

मलिहाबादचा बागवान कलम बांधताना खुंटाच्या आणि डोळकाडीच्या साली नीट जुळवतो, वर घट्ट पट्टी बांधतो आणि मग वाट पाहतो. खुंट गावचा, डोळकाडी बाहेरची. जोड जमला नाही तर कितीही उत्तम जातीची काडी सुकून जाते. शेतीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ही पट्टी बांधणारा हात विसरू नये, एवढेच इथल्या आमराया सांगतात.

जायचे असेल तर

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने सुमारे एका दिवसात लखनौ गाठता येते, विमानसेवाही आहे. शहरापासून काकोरी सुमारे १५ किलोमीटर आणि मलिहाबाद सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर आहे. मोटार भाड्याने घेतली तर दिवसभरात दोन्ही पाहून होतात. मोहर पाहायचा तर फेब्रुवारीअखेर ते मार्च, दशहरी खायचा तर जून हे महिने निवडावेत. जूनचे ऊन कडक असते, म्हणून पहाटेच निघावे. बागेत शिरताना मालकाची परवानगी जरूर घ्यावी. आणि राखणदाराच्या झोपडीपाशी दोन मिनिटे थांबून, यंदा आंबा कसा आहे, एवढे त्याला विचारावे. कोणत्याही ॲपवर न सापडणारी माहिती तिथे मिळते, शिवाय बादलीतल्या पाण्यात गार करून ठेवलेला एखादा दशहरीही.